उष्टा नान

अफूच्या चोरट्या व्यापारावरच्या आपल्या गाजलेल्या कादंबरीवर होलमुरोद सह्या देत होते. एका म्हातारीनं पुस्तकाऐवजी फडक्यातला नान पुढं ठेवला. वाळून दगड झालेला, कडेला एकच घास तोडलेला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. घर सोडताना नानचा घास खायचा, उरलेला भिंतीवर टांगायचा आणि परतल्यावर आपणच संपवायचा, ही ताजिकिस्तानातल्या त्यांच्या कुलोब गावाची रीत. त्यांच्या कादंबरीतला पोरगा सरहद्दीपलीकडून अफू आणताना नदीत बुडून मेला आणि त्याचा नान टांगलेलाच राहिला.

"तुमचा मुलगा, खाला?"

"माझा दावलत. 'कामाला जातो' म्हणत घास खाल्लान् नि नदीकडच्या बसची वाट बघत तुमचं पुस्तक वाचत बसला, उस्ताद."

"मग?"

"मग काय! साऱ्या बस सोडल्या मेल्यानं. पुस्तक संपवून रडत घरी आला, तेव्हा कुठं कळलं कसलं काम ते. आता जो गेलाच नाही, तो परतला कसं म्हणायचं? म्हणून हा तसाच राहिला. तो म्हणतो, उस्ताद पुस्तकातून माझ्या वाटचं जाऊन आले, त्यांनीच संपवावा."

होलमुरोदांनी चहा मागवला आणि नान त्यात बुडवला. कादंबरीतल्या त्या पोराला मारलं म्हणून वाचकांनी आजवर त्यांना शिव्याच खायला घातल्या होत्या.