फाटकावर उमटलेलं नाव

शाळेच्या फाटकावर श्वास तपासणारं यंत्र बसलं, तेव्हा मुख्याध्यापिका केणीबाईंनीच पहिली फुंकर मारली. आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाच्या विषाणूची नोंद यंत्रात होती, त्यामुळे लागण कोणाकडून कोणाला झाली हेही ते सांगे.

बाईंना साधी सर्दीही नव्हती, तरी पडदा लाल झाला. खाली ‘यांच्याकडून लागण झालेली’ या शब्दांपुढे नाव उमटलं, रेवती. पहिलीतली ही मुलगी गेल्या महिन्यात साथीत गेली होती. ती रडायची म्हणून बाईच तिला रोज कडेवर घेऊन वर्गात नेत.

“यंत्र चुकलं असेल, बाई,” शिपाई महादूकाका म्हणाले.

त्यांच्यापुढे किल्ल्या ठेवून बाई रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मुलं येऊ लागली. एक चिमुरडी सवयीनं हात पसरून त्यांच्याकडे धावली.

“काका, धरा तिला,” म्हणत बाई मागे मागे सरत राहिल्या.