पागोळ्यांचं भांडण

लेकीचं बाळंतपण करून बायडाबाई ओतूरहून तळेघरला परतली ती धास्तावूनच. आठवडाभर पाऊस कोसळत होता आणि तिच्या जुन्या घराची मागची मातीची भिंत डोंगराचं पाणी पिऊन दरवर्षी फुगायची. दार उघडून तिनं भिंतीला हात लावला. कोरडी! मागं जाऊन पाहते तर नवा चर खणलेला. डोंगराचं पाणी भिंतीला वळसा घालून शेजारच्या भागूच्या वावरात शिरलं होतं आणि त्याची भाताची रोपं वाहून गेली होती. हाच भागू तिच्या छपराच्या पागोळ्या आपल्या अंगणात पडतात म्हणून वर्षानुवर्षं भांडत आला होता. बांधावर तो फावडं धूत होता. "आवो भावजी, सोताची रोपं घालवलीत?" "घर पडल्यावर मी भांडू कुणाशी, वैनी?" तिचे डोळे भरले. मग पदर खोचून नेहमीसारखी कडाडली, "माझी रोपं उपटून न्या! न्हाईतर लई भांडीन!"