जागण्याची पाळी

मल्लम्माचं बीपी तिसऱ्यांदा मोजून डॉक्टरांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला. "आज्जी, गोळ्या किती वाढवू? झोपेशिवाय हे उतरणार नाही. रोज सहा-सात तास झोपलंच पाहिजे."

"झोप कुठली, साहेब! झोपले ते त्या दुष्काळाच्या साली."

डॉक्टरांना हसू आलं. "त्या साली तर अख्खं लातूर टँकरची वाट बघत जागं होतं!"

"टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, म्हणून आमच्या गल्लीनं पाळी लावली होती. रोज एका घरानं जागायचं अन् टँकर आला की बाकीच्यांना उठवायचं. घरात मी एकटीच, माझी पाळी महिन्यातून दोनदा. बाकीच्या रात्री मुडद्यावानी झोपायचे मी. समोरची केवळाबाई दाराची कडी बडवायची, 'मल्लम्मा, ऊठ गं, पाणी आलं!' तरी लवकर जाग येत नव्हती."

"मग आता तर पाण्याची चिंता नाही."

"न्हाई ना. घरोघरी बोअर झाले, टाक्या झाल्या. आता कुणी कुणाची कडी वाजवत न्हाई."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर झोपेची गोळी लिहिली. "ही घ्या. मग दाराशी हलगी वाजली तरी जाग येणार नाही."

मल्लम्मानं चिठ्ठी वाचल्यासारखी केली, तिची नीट घडी घातली आणि हळूच टेबलावर परत ठेवली.

"तेच भ्याव हाय, साहेब. सकाळी उठलेच न्हाई, तर कडी कोण वाजवील?"