खिडकीतून टाकलेला रुमाल

बाजाराच्या दिवशी बसमध्ये जागा कशी धरायची, हे परमुलखातून बदलून आलेल्या प्रेमानंद मास्तरांना जवळा बाजारच्या स्टँडवर पेरू विकणाऱ्या रुक्माबाईनं शिकवलं. "दाराशी रेटारेटी काहून करता? खिडकीतून रुमाल टाका. दुसऱ्याच्या रुमालावर इथं कुणी बसत न्हाई."

हट्ट्याची बस लागली. मास्तरांनी रुमाल टाकला, गर्दी चढू दिली आणि निवांत वर गेले.

बस गच्च भरली होती. त्यांच्या बाकावर मात्र शेजारी शेजारी दोन रुमाल होते. दोन्ही पांढरे. दोन्हींच्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोनं, शीतलनं, हिरव्या दोऱ्यानं भरलेला 'प्रे', आणि दोन्हींचा एकाच जागी उसवलेला टाका. मास्तरांना मोठी गंमत वाटली. त्यांनी मागच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, हा दुसरा कुणाचा?"

"तुमचाच की. मघाशी टाकून पाणी प्यायला गेलते न्हाई का तुमी?"

मास्तरांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

नळापाशी, बसकडं पाठ करून, एक माणूस ओलं तोंड पुसायला खिसे चाचपत होता. मग एकदम आठवल्यासारखा तो थांबला, आणि खिडकीकडं वळू लागला.