प्रामाणिक ग्राहक

म्हातारा दारातून परत आत येताना दिसला आणि चार नंबरने आधी त्याच्या हातांकडे बघितलं.

त्याच्या एका हातात पावती होती, दुसऱ्यात दुधाच्या पावडरचा डबा. मघाशीच तो तिच्याकडून बिल करून गेला होता. या दुकानात बायकांना काउंटरच्या आकड्यानेच हाक मारत. तिचं खरं नाव मॅनेजरलाही हजेरीपटात शोधावं लागलं असतं.

“पोरी, हा डबा बिलात राहिला बघ,” तो म्हणाला. “ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात होता. वर माझा पेपर पडलेला, तुला कसा दिसणार?”

दुकानाचा नियम साधा होता. चूक गिऱ्हाइकाच्या फायद्याची असली आणि गिऱ्हाईक आपणहून ती सांगायला आलं, तर त्याचा फोटो दाराजवळच्या ‘प्रामाणिक ग्राहक’ फळ्यावर लागायचा. जिच्या हातून चूक झाली, तिच्या नावापुढे मागच्या खोलीत लाल टिकली. तीन टिकल्या झाल्या की घरी बसा. चार नंबरच्या नावापुढे दोन होत्या आणि दोन्ही या म्हाताऱ्यामुळेच लागल्या होत्या. महिन्यापूर्वी झाकणाच्या बादलीत साबणाच्या वड्या राहिल्या, मग पंधरा दिवसांनी उशीच्या खोळीत बॅटरीचं पाकीट. फळ्यावर त्याचा फोटो केव्हाच लागला होता.

“तो कंपनीचा माणूस असणार,” शेजारची पाच नंबर म्हणायची. “आपली परीक्षा घ्यायला पाठवलेला.”

चार नंबरला ते पटत नव्हतं. कंपनीचा माणूस तिच्या नवऱ्याच्या पायाची चौकशी कशाला करेल? दुसरीकडे रांग नसली तरी म्हातारा तिच्याच काउंटरला यायचा आणि आधी घरचं विचारायचा. आजही विचारलं होतं.

“कायम झालीस का गं?”

“अजून नऊ दिवस, काका.”

“जागा चांगली आहे तुझी. बसून काम, डोक्यावर पंखा. सोडू नकोस.”

ती कशाला सोडतेय? कायम झाली की नवऱ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यातून होणार होतं. रंगारी माणूस, शिडीवरून पडला तो आठ महिने पडूनच होता. खिडकीतून समोरच्या इमारतीला दुसरं कुणी रंग देताना बघायचा आणि हात किती वाकडा चाललाय म्हणून चरफडायचा. हे सगळं सांगता सांगता तिने बिल केलं आणि ट्रॉली पुढे ढकलली. खाली वाकून बघायचं राहून गेलं.

“काका,” ती आता हळू आवाजात म्हणाली, “मी याचं आत्ताच वेगळं बिल करते. मॅनेजरसाहेबांना नका सांगू.”

“का गं?”

“माझी नोकरी जाईल.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने नजर काढून घेतली.

“लपवाछपवी मला जमत नाही, पोरी. आयुष्यात केली नाही.”

“नऊ दिवसांनी सांगा. मी स्वतः येते तुमच्याबरोबर.”

“आज खोटं वागायचं आणि नऊ दिवसांनी खरं, असं कसं चालेल?”

डबा छातीशी धरून तो केबिनकडे चालू लागला.

मॅनेजर त्याला खांद्याला धरून बाहेर घेऊन आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शिका जरा. बाहेरची माणसं इतकी सचोटीची आणि आमच्या घरात ही तऱ्हा.” त्याने बक्षिसाचं कूपन पुढे केलं.

“कूपन नको मला,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही माणूस ओळखलात, तेवढं पुरे.”

“तुमच्या घरातली माणसं कामाला मिळाली तर आम्हाला आणखी काय हवं?”

म्हाताऱ्याने नम्रपणे मान खाली घातली.

“तीन चुका या भल्या माणसाने सांगितल्या म्हणून कळल्या,” मॅनेजर चार नंबरकडे वळला. “न सांगणारे किती असतील?” टिकली लावायला तो स्वतः मागच्या खोलीत गेला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “म्हातारा आहे की दगड?” तो म्हणाला.

“अहो, त्यांचं काय चुकलं? खाली वाकून बघायला मलाच काय धाड भरली होती?”

नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिला रडायचं होतं, पण आधी त्याला औषध द्यायचं होतं.

तिसऱ्या दिवशी एप्रन आणि बिल्ला परत करायला ती दुकानात गेली. चार नंबरवर नवी मुलगी बसली होती. तिच्या अंगावरच्या एप्रनच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या आणि दर वस्तूला तिची बोटं अडखळत होती. तिला बघून जुन्या चार नंबरचा जीव कळवळला. आपल्याला कुणी वेळेवर शिकवलं नाही, हिला तरी सांगावं. गिऱ्हाईक गेल्यावर ती काउंटरशी वाकली.

“हे बघ बाळ, दर वेळी ट्रॉलीच्या खाली बघत जा. पेपर पडला असेल तर उचलून बघ.”

“माहितीये, ताई,” मुलगी हसली. “बादलीचं झाकण उघडायचं, उशीची खोळ चाचपायची. आमच्या आजोबांनी सगळं शिकवून ठेवलंय. महिन्याभरापूर्वीच म्हणाले, अर्ज भरून ठेव, चार नंबरची जागा होणार आहे.”

“कोण आजोबा?”

मुलीने मोठ्या अभिमानाने दाराजवळच्या फळ्याकडे बोट दाखवलं.