मूळपुरुषाचा कौल

पाकळ्या लागल्या. भिकाजीकाकांनी घुमटीतल्या काळ्या पाषाणावर पाण्यात बुडवलेली एक पाकळी उजवीकडे टेकवली, एक डावीकडे. आता उजवी आधी पडली तर मूळपुरुषाचा, म्हणजे घराण्याच्या पूर्वजदेवाचा, होकार, डावी पडली तर नकार. पेडण्याच्या ह्या घरात त्याला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा विकली जात नसे. इथे तर मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होता.

संजना आईच्या मागे हात जोडून उभी होती. घरातल्या सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर खिळले होते. तिचे एकटीचे नव्हते, कारण उजवी पाकळी पडणार नाही हे तिला ठाऊक होते. कौलाच्या दिवशी पाषाण धुवायचे काम घरातल्या मुलीचे. तिने सकाळी तो धुतला, पुसला आणि उजव्या अंगाला बोटभर डिंक फासला. वाळलेला डिंक दिसत नाही, पण ओली पाकळी टेकली की पोस्टाच्या तिकिटासारखा पुन्हा धरतो. ही अक्कल तिला मोबाइलने दिली होती. नुसत्या अकलेवर विसंबणारी ती नव्हती. तीन दिवस परसातल्या पाट्यावर जास्वंदीच्या पाकळ्या लावून तिने खात्री करून घेतली होती. अभ्यासात एवढे डोके चालवले असते तर, असे काका नक्की म्हणाले असते.

अभ्यासातच तर घोडे पेंड खात होते. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी ती दोन वर्षे बसने म्हापशाच्या क्लासला गेली. वहीच्या मागच्या पानांवरची चित्रे हळूहळू पुढे सरकत आली आणि भौतिकशास्त्राची सूत्रे मागे हटली. मग ती मोबाइलवर तीच चित्रे हलवायला, पळवायला, रडवायला शिकली. परीक्षेचा निकाल जो लागायचा तोच लागला. काका रागावले नाहीत. "आणखी एक वर्स. कोट्याक ठेवया, थंय पोरां दिवसाक चवदा तास अभ्यास करतत," एवढेच म्हणाले आणि कौलाचा दिवस ठरवून मोकळे झाले.

तिचे बाबा, श्रीनाथ, नेहमीप्रमाणे मान हलवून गप्प बसले. तुयेच्या कारखान्यात मशीनसमोर न बोलता आठ तास उभा राहणारा हा माणूस. थोरल्या भावापुढे तर त्याच्या तोंडाला कुलूपच असायचे. त्याच्याकडून काही आशा धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून संजनाने आपली वाट आपणच काढली होती. पुण्याच्या एका संस्थेत तिने अ‍ॅनिमेशनसाठी गुपचूप अर्ज केला आणि जागाही मिळवली. शनिवारच्या आत होकार कळवायचा होता. आधी देवाच्या तोंडून कोट्याला नकार मिळवायचा, मग पुण्याचे बोलायचे, असा तिचा बेत होता. पाषाणाला डिंक लावण्याआधी तिने दोनदा हात जोडून माफी मागितली होती. पण कोट्याची भीती देवाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली असत," काकांनी गाऱ्हाणे सुरू केले.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"माझो भाव श्रीनाथ काय इचारता, त्येचो खरो निवाडो कर."

"व्हय म्हाराजा."

श्रीनाथ पुढे झाला. त्याने दोनदा घसा खाकरला.

"म्हाराजा, माझ्या चेडवाक पुण्याक चित्रां शिकूक जागा गावल्या. तिना अर्जावर घरचो नंबर म्हणान माझोच घातलो, तेचो मेसेज माका इलो. तिका धाडूचा आसात तर उजवी दी. नको तर डावी."

'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणाचे तोंड उघडले नाही. काकांनी भावाकडे असे पाहिले, की जणू घुमटीतला पाषाणच बोलला होता. पण देवापुढे एकदा प्रश्न टाकला की तो मागे घेता येत नाही. घराण्याचा हा नियम काकांनीच आजवर सगळ्यांना शिकवला होता.

संजनाने चमकून बाबांकडे, मग पाषाणाकडे पाहिले. आता उजवी पडायला हवी होती. तीच उजवी, जी तिने आपल्या हाताने जखडून ठेवली होती. आपल्याच शहाणपणाने आपला गळा आवळला, असे तिला वाटले. आता कोणत्याही क्षणी डावी गळणार आणि पुणे संपणार.

डावी गळली नाही. पाव तास गेला, अर्धा गेला. सूर्य माडांच्या वर आला, पाषाणावरचे पाणी सुकले, तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आई देवकी पुटपुटत होती. काकांच्या कपाळावर घाम आला होता. चाळीस वर्षांत मूळपुरुष असा मुका कधी राहिला नव्हता.

"देव बोलणा नाय," शेवटी काका खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणजे त्येका ह्या मान्य नाय. चेडू कोट्याक जातला." आणि पाकळ्या काढायला ते वाकले.

"काका, थांबा," संजना म्हणाली. "तो मुको नाय. उजवी पडूची नाय. थंय मिया डिंक लावलंय."

देवकीने पदर तोंडात धरला. काका घुमटीच्या पायरीवर मटकन बसले. मूळपुरुषाला फसवायचे धाडस ह्या घराण्यात कधी कुणी केले नव्हते. सगळ्यांनी श्रीनाथकडे पाहिले. आता हा मुलीच्या थोबाडीत देणार, हे प्रत्येकाला कळत होते, संजनालाही. तिने डोळे मिटले.

तो आला आणि तिच्या शेजारी, तिच्याइतकीच मान खाली घालून उभा राहिला.

"दादा, डावीची वाट बघू नको," तो म्हणाला. "तिना पाषाण धुतल्यावर दिवो लावूक इलंय तेवा थंय मियाच गोंद फासलंय."