तीनशे डॉलरचा चाप

"बसवाच तो तीनशे डॉलरचा चाप आमच्या दाजींच्या बंदुकीला!" डेलनं रायफल बंदुका दुरुस्त करणाऱ्या व्हर्नाबाईंच्या टेबलावर ठेवली. "तीन वर्षं झाली, हरीण समोर आणि गोळी झाडात. शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर ह्यांच्या शर्टाची तीन टोकं ठोकलीत. परवा चौथं लागलं, तर मंडळी ह्यांना यायलाच नको म्हणतील."

ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, ही कॅम्पची जुनी रीत. दाजी, म्हणजे ओरिन, कसनुसा हसला.

"सगळा दोष चापाचा," डेलचं चालूच होतं. "गेल्या साली बाईंनीच माझ्या बंदुकीला नवा बसवला. पहिल्याच सकाळी मोठ्ठा नर पाडला!"

व्हर्नाबाईंना विकायची घाई नव्हती. बंदुकीच्या बाबतीत साऱ्या परगण्यात त्यांचा शब्द शेवटचा. चापाला किती जोर लागतो ते बघायला त्यांनी तो ताणकाट्याला अडकवून ओढला. पाच पौंड. जरा जड, पण कुठे अडखळत नव्हता. मग रिकाम्या बंदुकीच्या नळीवर नाणं ठेवून ओरिनला चाप ओढायला लावला. नाणं हललं नाही, म्हणजे हात स्थिर. मग त्याला दुकानामागच्या मैदानात नेलं. गोळ्या स्वतः भरून दिल्या आणि मधेच एकदा, त्याच्या नकळत, बंदूक रिकामी दिली. धक्क्याला घाबरणाऱ्याची नळी इथे हमखास खाली जाते आणि पितळ उघडं पडतं. ओरिनची नळी जागची हलली नाही. शंभर यार्डांवरच्या कागदावर त्याची पाचही भोकं बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली असती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर ह्याला नाचताही येत होतं आणि अंगणही सरळ होतं.

बाईंनी डेलला तो कागद काढून आणायला पिटाळलं.

"ओरिन, गेल्या साली हरीण किती लांब होतं?"

"चाळीस यार्ड." त्याचा आवाज खाली गेला. "माझ्याकडेच बघत होतं, बाई. मला नाही मारवत. कधीच नाही मारवलं. पण हा कॅम्प सुटला तर मी काय करू? वर्षातला तेवढाच आठवडा माझा. पत्ते, शेगडी, बीन्सचं सूप, एकमेकांची टवाळी. खरं सांगितलं तर मेल्यावरही हसतील मला."

बाईंना त्याची दया आली. पंचाईतही झाली. नवा चाप बसवला तर त्याची सबब जाणार. जुना ठीक आहे म्हटलं, तर आत्ताच जाणार. आणि बंदुकीबाबत त्या आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

डेल कागद नाचवत आला. "हे काय! मग जंगलात काय होतं ह्यांना?"

"थंडी," बाई म्हणाल्या. "गारठ्यात ह्या बंदुकीची नळी दगा देते. चापावर तीनशे डॉलर घालशील, तर ते पाण्यात."

डेलनं कागदाची घडी करून खिशात घातली. "असं होय," तो म्हणाला. ओरिन मात्र बंदूक उचलून पोरासारखा गाडीकडे पळाला.

पाच मिनिटांनी डेल एकटाच परत आला. हातात स्वतःची रायफल. त्यानं दार लावून घेतलं.

"नळीबिळी काही नाही, बाई. तीस वर्षं बंदुका चालवतोय मी."

आता ओरिनची काही धडगत नव्हती, आणि बाईंच्या शब्दाचीही.

डेलनं रायफल पुढे सरकवली. "हा तुमचा नवा चाप काढून टाका. फार हलका आहे. गेल्या साली तो नर समोर आला, तेव्हा मी नाही म्हणायच्या आत सुटला." त्यानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "आणि दाजींना सांगा, गारठ्यात माझीही नळी दगा देते."